टाच दुखते तेव्हा: पावलाची यंत्रणा समजून घेऊन करायचा तीन महिन्यांचा कार्यक्रम

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत जीवघेणी कळ उठते. भिंत धरत न्हाणीघरापर्यंत गेलं की ती ओसरते. दुपारपर्यंत विसरायलाही होतं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात तासभर उभं राहिलं की नेमकी तीच जागा पुन्हा ठणकायला लागते. दहा जणांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्ट्याचं दुखणं, म्हणतात. आपल्याकडे त्यावर गरम पाणी-मीठ, मऊ चप्पल आणि ‘जरा आराम कर’ हे तीन उपाय ठरलेले असतात. त्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण चार महिन्यांनी माणूस तिथेच असतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग टाचा, घोटे आणि पोटऱ्या यांच्याभोवती फिरतो. गेल्या सत्तर वर्षांत पाऊल कसं हलतं यावर उत्तम संशोधन झालंय. ते सोपं करून सांगितलं की लोक स्वतःच्या टाचेची काळजी फार चांगली घेतात, असा माझा अनुभव आहे. त्या सगळ्याचं सार एवढंच की या दुखण्यात टाचेवरचा भार आधी उतरवायचा आणि मग मोजून परत चढवायचा. यातला एकच भाग केला तर काम अर्धवट राहतं. खालचा कार्यक्रम तीन महिन्यांचा आहे. त्याहून लवकर फरक पडला तर उत्तमच, पण तेवढा वेळ देण्याची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते बघा

खुर्चीवर बसून दुखणारा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. टाचेच्या तळाला, पायाच्या अंगठ्याच्या बाजूला, टाचेची गादी संपून कमान सुरू होते तिथे हाताच्या अंगठ्याने जोर देऊन दाबा. तिथे दाबल्यावर ‘हीच ती जागा’ असं वाटलं, आणि सोबत सकाळच्या पहिल्या पावलाची कळ असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

जागा वेगळी असेल तर कारणही वेगळं असू शकतं. टाचेच्या मागे, चपलेचा पट्टा लागतो तिथे दुखत असेल तर तो अकिलिस टेंडनचा, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीचा, प्रश्न असू शकतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर जोरात दुखली, त्यातही अलीकडे चालणं-धावणं एकदम वाढवलं असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायला हवी. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबली असण्याची शक्यता असते. टाचेच्या अगदी मधोमध, फक्त कडक फरशीवर दुखत असेल तर खालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. ताप, लाली, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर घरगुती प्रयोग नकोत.

पाय मुरगळून घोटा सुजला असेल तर त्यासाठी कॅनडात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेले ओटावा नियम जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला, खालच्या सहा सेंटिमीटरांत, हाडावर दाबून दुखलं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरचं हाड आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचं हाड दाबून दुखलं तरीही तोच नियम.

मधुमेह असणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगायला हवं. तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर पुढचे व्यायाम डॉक्टरांनी पाय तपासल्याशिवाय करू नका. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. रुग्णांच्या पायावरच्या जखमा आजाराने सडून होत नाहीत, तर बधिर तळव्यावर रोज त्याच जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या दाबाने होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आज आपल्याकडे मधुमेहींना ज्या एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराच्या चपला सांगतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. वेदना जाणवत नसेल तर भार किती झाला हे सांगणारं कुणी उरत नाही. त्यामुळे अशांनी रोज रात्री तळवे आरशात बघावेत आणि लाल झालेली, उष्ण लागणारी जागा दिसली की दाखवायला जावं.

‘हाड वाढलंय’ याचं काय करायचं

पोळ्यांची कामं करणाऱ्या एक मावशी एक्स-रेचं पाकीट घेऊन आल्या होत्या. “ताई, हाड वाढलंय म्हणे. आता ते कापल्याशिवाय जायचं नाही ना?” फोटोत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं छोटं टोक दिसत होतं. मी त्यांना विचारलं, “मावशी, दुसरी टाच दुखते का?” ती दुखत नव्हती. त्याच फिल्मवर दुसऱ्या टाचेलाही तसंच टोक होतं.

टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत असं टोक सापडतं, आणि दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते नसतं. म्हणून ‘हाड वाढलंय’ हे ऐकून घाबरू नका आणि ते कापायच्या मागे लागू नका. २००३ साली हार्वी लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या, तळव्यातल्या या पट्ट्याच्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. तिथे अपेक्षित सूज दिसली नाही, तंतूंची झीज दिसली. सुजेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही टाच का सुधारत नाही, याचं बरंचसं उत्तर यात आहे. झिजलेल्या तंतूंना योग्य प्रमाणात काम देऊन पुन्हा सशक्त करावं लागतं.

पावलात नेमकं घडतं काय

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेच्या हाडापासून निघून तळव्यातून पाचही बोटांच्या मुळाशी जाणारा एक जाड, चिवट पट्टा असतो, तोच प्लांटर फॅशिआ. तो बघायचा असेल तर आत्ताच अनवाणी उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. अंगठा वर गेला की कमान आपोआप उंच होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसा बोटं वर वाकली की हा पट्टा बोटांच्या मुळांभोवती ओढला जातो, टाच आणि चवडा जवळ येतात आणि पाऊल ताठ होतं. चालताना टाच उचलून आपण चवड्यावर जोर देतो, तेव्हा प्रत्येक पावलाला हे घडतं. पाऊल ढिलं राहिलं तर पुढे ढकलायला जोरच मिळणार नाही.

या ओढीचं मोजमापही झालेलं आहे. २००४ साली अहमत एर्देमीर आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या पावलांवर चालण्याची नक्कल करणारं यंत्र वापरून पट्ट्यावरचा ताण मोजला. टाच उचलल्यानंतर, पाय जमिनीवरून सुटायच्या आधी, तो जवळपास शरीराच्या वजनाइतका म्हणजे ९६ टक्के भरला. ६० किलोच्या माणसाच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर दर पावलाला साधारण ५८ किलोची ओढ, आणि दिवसात प्रत्येक पायाची काही हजार पावलं. निरोगी पट्टा हे सहज पेलतो. फक्त पावलांची संख्या किंवा उभं राहण्याचे तास त्याच्या कुवतीपेक्षा भराभर वाढले की तो कुरकुरायला लागतो.

यात पोटरीचा हात मोठा आहे. पोटरीचे स्नायू अकिलिस टेंडनमधून टाचेचं हाड वर ओढतात आणि तीच ओढ तळव्याच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते. पोटरी आखडलेली असेल तर नडगी पायावरून पुढे झुकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि भार चवड्यावर जास्त वेळ राहतो. २००३ साली डॅनियल रिडल यांच्या गटाने टाचदुखीचे ५० रुग्ण आणि १०० निरोगी माणसं यांची तुलना केली. ज्यांचा घोटा काटकोनापुढे वाकतच नव्हता, त्यांच्यात टाचदुखीची शक्यता मोकळा घोटा असणाऱ्यांपेक्षा २३ पट दिसली. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे २३ हा आकडा अक्षरशः धरू नये, पण रोख स्पष्ट आहे. ३० च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) आणि कामाचा बहुतेक वेळ उभं राहणं, ही दोन कारणंही त्याच अभ्यासात पुढे आली. शिक्षक, कंडक्टर, सेल्समन, परिचारिका, पोळ्या लाटणाऱ्या बायका, वॉचमन ही मंडळी माझ्याकडे जास्त का येतात, ते यावरून कळतं.

सपाट पावलाबद्दलही बोलायला हवं, कारण त्याची भीती फार घातली जाते. पावलाची एकच ‘बरोबर’ ठेवण असते आणि त्यापासून ढळलं की दुखणं होतं, असं बराच काळ शिकवलं जायचं. पुढे स्वयंसेवकांच्या पावलातल्या हाडांत भूल देऊन बारीक पिना बसवून त्यांना चालायला लावलं गेलं आणि एकेक हाड कसं हलतं ते थेट मोजलं गेलं. पावलाच्या मधल्या छोट्या सांध्यांत वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त हालचाल निघाली, आणि माणसामाणसांत फरकही मोठा निघाला. आपल्याच देशातलं एक काम इथे आठवतं. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. चपला-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. लहानपणी अनवाणी खेळणं पावलाला मानवतं, असं त्यावरून म्हणता येतं. पण मोठेपणी पाऊल सपाट आहे आणि दुखत नाही, तर त्याला काहीही करायची गरज नाही.

मोजमाप: सुरू करण्याआधी दहा मिनिटं

कॅलेंडरच्या मागच्या पानावर किंवा मोबाइलमध्ये पुढच्या नोंदी करा. याशिवाय तीन आठवड्यांनी सुधारणा झाली की नाही ते सांगता येत नाही. वेदनेची आठवण फसवी असते.

घोट्याची चाचणी अशी करा. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा दूर ठेवा आणि टाच जमिनीवर टेकलेली ठेवूनच गुडघा वाकवून भिंतीला लावा. लागला तर पाय अर्धा-एक सेंटिमीटर मागे घ्या, पुन्हा लावा. टाच किंचितशीही उचलली न जाता गुडघा भिंतीला लागतो ते शेवटचं अंतर शिवणाच्या टेपने मोजा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत जाऊ द्या. तो आत पडला तर कमान खचते आणि खोटं जास्त अंतर मिळतं. टाच उचलते की नाही हे स्वतःला कळत नाही, म्हणून टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून कुणाला तरी ती हळूच ओढून बघायला सांगा. पट्टी निघाली तर टाच उचललेली आहे. साधारण १० सेंटिमीटर किंवा जास्त अंतर असेल तर घोटा मोकळा समजायला हरकत नाही. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण साडेतीन अंशांचा फरक. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त तफावत असेल तर ती नोंदवून ठेवा.

मग पोटरीची ताकद. भिंतीला बोटांनी नुसता आधार देऊन एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण उंच करून खाली आणा. गुडघा सरळ हवा. उंची कमी व्हायला लागली की थांबा. तरुण निरोगी माणसाला साधारण २५ वेळा जमतं, वय वाढेल तसा आकडा खाली येतो. खरा उपयोग दोन्ही पायांची तुलना करण्यात आहे. दुखऱ्या पायाला सहा आणि चांगल्याला अठरा, असं चित्र मी नेहमी बघते.

तिसरी नोंद रोजची: सकाळच्या पहिल्या पावलाची वेदना, शून्य ते दहा.

पहिले दोन आठवडे: भार उतरवा

हा टप्पा लोक कंटाळवाणा समजून सोडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. डेन्मार्कमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली छापलेल्या एका चाचणीत एका गटाला फक्त नीट समजावून सांगणं आणि टाचेखाली हील कप (टाचेला आधार देणारी वाटीसारखी गादी) एवढंच दिलं, दुसऱ्याला त्यावर जड व्यायामही दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. भार समजून घेऊन दिवस आखणं हा स्वतःच एक मोठा उपचार आहे, असा मी त्याचा अर्थ लावते.

घरात चप्पल घालायची नाही ही आपली जुनी सवय. कडप्पा, कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर दिवसभर अनवाणी वावरताना दुखऱ्या टाचेला उसंत मिळत नाही. घरासाठी वेगळी स्वच्छ चप्पल ठेवा, तीन महिन्यांपुरती. ती देवघराबाहेर काढून ठेवली की सासूबाईंचीही हरकत राहत नाही. चप्पल निवडताना ती हातात घेऊन वाकवा: चवड्याजवळ वाकली पाहिजे, मध्यभागी घडी पडता कामा नये. टाच चवड्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असेल तर पोटरीची ओढ कमी होते. झिजलेली सपाट रबरी स्लिपर या काळात बाजूला ठेवा. बुटात घालायला सिलिकॉनचा हील कप औषधाच्या दुकानात मिळतो. तो दोन्ही पायांत घाला, नाहीतर कंबर तक्रार करते.

उभं राहण्याचे तास तोडा. कणीक मळणं, भाजी निवडणं बसून करा. ओट्यापाशी एक बुटकं स्टूल ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवा. एका दमात पाऊण तास फिरायला जात असाल तर ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्यांत वाटा. धावणं, दोरीवरच्या उड्या आणि झुंबा तूर्त थांबवा. सायकल आणि पोहणं चालेल, त्यामुळे दमही टिकतो आणि वजनही. लग्नघर, दिवसभराचं तीर्थाटन असं काही टाळता येण्यासारखं नसेल तर फिजिओकडून तळव्याला टेप लावून घ्या. टेपने आठवडाभर पहिल्या पावलाची कळ थोडी कमी होते, त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नये.

किती चालायचं याचा निवाडा दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. आजच्या चालण्याने उद्याच्या पहिल्या पावलाची वेदना नेहमीपेक्षा दोन गुणांनी वाढली, तर आज जास्त झालं.

उठण्याआधीचा ताण

२००३ साली बेनेडिक्ट डीजोव्हानी यांच्या गटाने दीर्घकाळ टाच दुखणाऱ्या १०१ जणांवर दोन व्यायामांची तुलना केली: एका गटाला पोटरीचा ताण, दुसऱ्याला थेट तळव्याच्या पट्ट्याचा. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटाची पहिल्या पावलाची वेदना जास्त कमी झाली. व्यायाम अगदी साधा आहे, पण नीट करायला हवा.

अंथरुणातच, पाय जमिनीवर टेकवण्याआधी, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पाचही बोटं मुळापासून धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा. बोटांची टोकं नुसती वाकवून उपयोग नाही, चवड्याच्या सांध्यातून वाकली पाहिजेत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीवर दाबून बघा: ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी हाताला लागलं की पकड बरोबर आहे. दहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा करा. दिवसातून तीनदा, आणि त्यातलं पहिलं सत्र कोणत्याही परिस्थितीत पहिल्या पावलाआधी. दुपारची झोप, लांबचा एसटीचा प्रवास किंवा दीड तासाची मीटिंग झाली की उठण्याआधी पुन्हा दोन-तीन वेळा करा.

भिंतीच्या चाचणीत घोटा आखडलेला निघाला असेल तर पोटरीचा ताणही जोडा. दुखरा पाय मागे, टाच टेकलेली, हात भिंतीवर. आधी मागचा गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून तो सरळ गुडघ्यातच ताणला जातो; खालचा वाकलेल्या गुडघ्यात. दोन्ही प्रकार अर्धा-अर्धा मिनिट, तीन-तीन वेळा.

तिसऱ्या आठवड्यापासून: पंचा आणि पायरी

माझा सगळ्यात आवडता भाग हा. मायकेल रॅथलेफ यांच्या डॅनिश गटाने ४८ रुग्णांवर एक कल्पना तपासली: हिक्स यांनी सांगितलेली बोटं वाकवण्याची युक्ती वापरून पट्ट्यावर हळू आणि जड भार द्यायचा. तीन महिन्यांनी हा गट नुसता ताण देणाऱ्या गटापेक्षा बराच पुढे होता. वर्षाने दोन्ही गट सारखे झाले, म्हणजे मुख्य फायदा लवकर बरं होण्याचा. वर सांगितलेल्या २०२३ च्या चाचणीत जड व्यायामाची वेगळी भर दिसली नाही, तरीही मी तो देते. सहा वेळाच टाच उचलता येणारा पाय पुढच्या वर्षी जिना, डोंगर, गर्दीची लोकल यांना पुरा पडायचा असेल तर पोटरी सशक्त असावीच लागते.

जिन्याची सगळ्यात खालची पायरी निवडा, कठड्याजवळची. जुना सुती पंचा घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेपासून थोडा आत ठेवा. चवडा कडेवर, टाच हवेत, आणि पाचही बोटं त्या गुंडाळीवर चढवलेली, म्हणजे ती वरच्या दिशेने वाकलेली राहतील. टर्किश टॉवेल फार मऊ असतो, बोटांखाली दबून जातो. पंचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा बरा. एक हात कठड्यावर, फक्त तोल सांभाळण्यापुरता.

आता तीन आकडे मोजत टाच वर न्या, वर दोन आकडे थांबा, तीन आकडे मोजत खाली आणा. इथे माझं लक्ष नेहमी एका ठिकाणी असतं: वर जाताना पाऊल बाहेरच्या कडेला, करंगळीकडे कलतं का? दुखणारा माणूस नकळत तसं करतो, कारण अंगठ्याकडचा पट्टा वाचतो. मग व्यायाम होतो, पण हव्या त्या जागेला पोहोचत नाही. भार अंगठ्याच्या मुळावर जाणवला पाहिजे. समोर आरसा ठेवा किंवा मोबाइलवर मागून चित्रण करून बघा. घोटा सरळ राहतो की बाहेर झुकतो, ते लगेच दिसतं.

एक दिवसाआड करा, रोज नको. तंतूंना भारानंतर वेळ लागतो. बारा वेळा केल्यावर तेरावी जमणार नाही इतका भार असला पाहिजे, असे तीन संच. एका पायावर बारा जमत नसतील तर दोन्ही पायांनी वर जा आणि एका पायाने खाली या. बारा सहज होऊ लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन घाला: पाच किलोची तांदळाची पिशवी, पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या. दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहा-दहाचे चार संच, आणखी दोन आठवड्यांनी आठ-आठचे पाच. ज्यांचा तोल जातो किंवा गुडघे-कंबर साथ देत नाहीत, त्यांनी सॅकचा हट्ट धरू नये, दोन्ही पायांवरचा व्यायाम सपाट जमिनीवर करावा.

करताना थोडं दुखेल. दहापैकी चार-पाचपर्यंत चालतं, संच संपल्यावर ओसरलं पाहिजे. दुसऱ्या सकाळचा नियम इथेही लागू.

पावलाच्या आतल्या बारीक स्नायूंसाठी एक छोटी गोष्ट: बसून, बोटं न वळवता, चवडा टाचेकडे सरकवायचा प्रयत्न करा म्हणजे कमान किंचित उचलली जाईल. दहा वेळा, टीव्ही बघतानाही होतं.

इनसोल, इंजेक्शन आणि बाकीचं

साचा घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलवर आधीच पैसे घालवू नका. कार्ल लँडॉर्फ यांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तयार मिळणारी आणि पायाच्या मापाने बनवलेली इनसोल दोन्ही सारखीच निघाली. तीन महिन्यांनी थोडा फायदा, वर्षाने तोही नाही. साधी तयार जोडी घेऊन बघा, आराम वाटला तर वापरा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं. मुलीचं लग्न तोंडावर आलंय अशा वेळी मी त्याला नाही म्हणत नाही. पण वारंवार घेतल्यास टाचेची गादी पातळ होण्याचा आणि पट्टा तुटण्याचा धोका असतो, आणि दुखणं दबल्यामुळे लोक लगेच पूर्ववत चालायला लागतात, ते जास्त घातक. तीन महिने मनापासून करूनही सकाळची वेदना निम्म्याने कमी झाली नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी आणि शॉकवेव्ह (ध्वनिलहरींच्या) उपचाराबद्दल बोला.

पुन्हा पूर्ववत चालण्याकडे

सलग दोन आठवडे पहिल्या पावलाची वेदना दोनच्या आत राहिली की चालणं वाढवायला सुरुवात करा. आधी वेळ वाढवा, मग वेग, सगळ्यात शेवटी चढ आणि धावणं. आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांहून मोठी उडी नको, आणि दर चौथ्या आठवड्याला थोडी माघार घ्या. धावताना जमिनीचा उलटा रेटा शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट असतो, म्हणून सुरुवातीला दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल असा मेळ ठेवा.

वारीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण जून-जुलैनंतर माझ्याकडे टाचा घेऊन येणारे बरेच जण आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालून आलेले असतात. वर्षभर दिवसाला दोन किलोमीटर आणि मग अचानक वीस, हे कुठल्याच पट्ट्याला पेलत नाही. फेब्रुवारीत तयारी सुरू करा. मे अखेरीस आठवड्यातले लागोपाठचे दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून दुसऱ्या सकाळी टाच कशी आहे ते बघा. त्याच चपला किंवा बूट घाला जे वारीत घालणार आहात. नवी जोडी प्रस्थानाच्या दिवशी पायात नको. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय वर करून पडण्याआधी तळव्याचा ताण करा आणि पहाटे तंबूतून बाहेर पडण्याआधी पुन्हा. टाचेने मधेच दगा दिला तर एक टप्पा दिंडीच्या गाडीत बसा.

दुखणं पूर्ण गेल्यावरही पंचा आणि पायरीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, दर तीन महिन्यांनी भिंतीचं अंतर मोजा. कधी तरी टाच पुन्हा बोलायला लागेल: प्रवासानंतर, नव्या नोकरीत, पावसाळ्यात झिजलेल्या स्लिपरवर महिना काढल्यावर. तेव्हा शून्यापासून सुरुवात करायची नाही. घरातली चप्पल आणि हील कप बाहेर काढा, उभं राहणं तोडा, सकाळचा ताण त्याच दिवसापासून सुरू करा, सॅकमधलं वजन निम्मं करा आणि दहा दिवस नोंदी ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यात आवरतं. दहा दिवसांनीही आकडा खाली येत नसेल, तर त्या नोंदींचं पान घेऊनच दवाखान्यात जा.